उपवासाचे बटाटे

मी पेरूला गेले ती डोंगर बघायला नाही. ग्रुपमधल्या सगळ्यांना तसंच सांगितलं होतं, अँडीज बघायची लहानपणापासून फार हौस वगैरे. साफ खोटं. मी गेले, कारण काकू जाणार होत्या, आणि काकूंवर मी दोन वर्षं डूख धरून होते.

काकू म्हणजे आमच्या, अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या मराठी मंडळींतल्या सगळ्यात जुन्या. काका हार्टचे डॉक्टर होते, आता रिटायर झालेत आणि वर्षातून एकदा मराठी लोकांची ट्रिप काढतात. काकू उपवास काढतात. संकष्टी, एकादशी, गुरुवार, शिवाय मधेच कसला तरी. त्यांच्या घरी दर थोड्या दिवसांनी उपवासाचं पॉटलक असतं. हो, असंही असतं इकडे. ज्यांना उपवास आहे ते येतात आणि ज्यांना नुसता साबुदाणा आवडतो तेही येतात, प्रत्येक जण एकेक भांडं घेऊन.

दोन वर्षांपूर्वी माझी आई नागपूरहून आली होती, तेव्हा मी तिला अशा एका पॉटलकला घेऊन गेले. आम्ही बौद्ध. आमच्या आजोबांनी देव सोडले तेव्हा उपवासही सोडले, त्यामुळे घरात कुणी कधी उपवास धरलेला मी पाहिला नाही. पण आईची साबुदाण्याची खिचडी म्हणजे खिचडी. ती शाळेत शिक्षिका होती, स्टाफरूममधल्या बायकांचे डबे खाऊन खाऊन शिकली आणि मग त्या बायकाच तिला विचारायला लागल्या की बाई, तुमचा साबुदाणा असा मोकळा कसा होतो. त्या दिवशी तिनं सकाळपासून माझं किचन ताब्यात घेतलं. मिक्सरला हात लावू दिला नाही, कूट तेलकट होतं म्हणाली. लसूण ठेचायचा माझा एवढासा खलबत्ता, त्यात मूठ मूठ दाणे घेऊन कुटत बसली. इंडियन स्टोअरमधून सैंधव मीठ आणायला लावलं. मी म्हटलं, आई, एवढं कोण बघतंय. तर म्हणाली, "लोकायचा उपवास आहे बाई, त्यायच्या मनासारखं झालं पाहिजे."

काकूंनी दारातच हसून स्वागत केलं. आईनं हात जोडून जयभीम म्हटलं. ती सगळ्यांनाच म्हणते, तुम्ही नमस्कार म्हणता तसं. काकूंचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे जरा बारीक झाले. "आडनाव काय म्हणालात?" आईनं आडनाव सांगितलं. "हो का," काकू म्हणाल्या, आणि आईच्या हातातल्या भांड्याकडे बघून, "ठेवा तिकडे. बघू."

पुढचं मला तेव्हा माहीतच नव्हतं. आईनं ते गाडीत सांगितलं नाही, घरी आल्यावर सांगितलं नाही. परत जायची बॅग भरत होतो तेव्हा, साडीची घडी घालता घालता सांगितलं. ती ताट ठेवायला आत गेली, तर काकू कचऱ्याच्या डब्यापाशी उभ्या राहून तिची खिचडी डावानं डब्यात काढत होत्या. अख्खी. एक घास कमी झालेला नव्हता. आईला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "भांडं रिकामं करून देते हं तुमचं. तुमच्यात उपवास नसतात ना, मग त्यात काय चालतं काय नाही, तुम्हाला कसं कळणार? राग नका मानू." आणि माझी आई, जिनं चौतीस वर्षं चौथीच्या पोरांना सरळ केलं, ती म्हणाली, "नाही नाही, राग कसला."

हे सांगून झाल्यावर तिनं बॅगेची चेन ओढली आणि म्हणाली, "आता नाही येत मी इकडं. तूच येत जा."

आली नाहीच. माझी मुलगी व्हिडिओवर विचारते, आजी व्हेन आर यू कमिंग, तर आजीचे गुडघे दुखतात. कसले गुडघे? तिसऱ्या मजल्यावर भाजीची पिशवी घेऊन चढते ती रोज.

माझी मागणी अगदी साधी होती. काकूंनी आमच्या भांड्यातली खिचडी चार लोकांसमोर खावी आणि आईनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघावं. माफी नको होती. माफीचं काय घेऊन बसलात, इकडे लोक लिफ्टमध्ये शिंकले तरी सॉरी म्हणतात. नवरा म्हणाला, सोड ना यार. मी म्हटलं, तुझ्या आईची खिचडी टाकली असती तर सोडलं असतंस का? नंतरच्या तीन पॉटलकला मी तीच खिचडी केली, आईच्याच त्या स्टीलच्या भांड्यात नेली, आणि तिन्ही वेळा भांडं भरलेलं परत आलं. मी नजर ठेवून असायचे, म्हणून कचऱ्यात गेली नाही एवढंच. "आज साबुदाणा नको वाटतोय गं, पित्त होतं," काकू म्हणायच्या, आणि दुसऱ्या कुणाची खिचडी दोनदा वाढून घ्यायच्या. तेव्हा पित्त कुठे जायचं कोण जाणे.

मग काकांचा मेसेज आला: यंदा पेरू, तिथल्या डोंगरांतली ती प्रसिद्ध दरी, आणि ग्रुपमध्ये स्पॅनिश येणारं कुणी असेल तर फार बरं होईल. मला येतं. अमेरिकेतली माझी पहिली नोकरी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त काढायची होती. निम्मे पेशंट स्पॅनिश बोलणारे, आणि सुई टोचताना माणसाला त्याच्या भाषेत धीर दिला की तो हात ओढून घेत नाही. तिथे शिकले. मी काकांना लगेच कळवलं की मी येते.

काय करणार होते, ते मला तरी कुठे ठाऊक होतं? एवढंच ठरवलं होतं की त्या बाईच्या आसपास राहायचं. वेळ प्रत्येकाची येते.

कुस्कोला विमानातून उतरलो आणि सगळ्यांची डोकी ठणकायला लागली. एवढ्या उंचीवर हवाच विरळ, दोन पायऱ्या चढलं की धाप. बस वळणं घेत खाली दरीत उतरली तेव्हा जरा बरं वाटलं. मधून नदी, दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, त्यांच्या अंगावर दगडी बांधांच्या पायऱ्या पायऱ्यांची शेतं. सुंदर आहे, नाही कशाला म्हणू. पण माझं अर्धं लक्ष पुढच्या सीटवर. तिथे काकू राजगिऱ्याचे लाडू वाटत होत्या. त्यांच्या बॅगेत भाजणी होती, दाणे होते आणि बटाट्याचा उपवासाचा चिवडा होता. बटाट्याच्या देशात बटाट्याचा चिवडा. लाडवाचा डबा फिरत फिरत माझ्यापर्यंत आला तेव्हा काकू म्हणाल्या, "घे गं, घरचे आहेत." मी घेतला. मला कुठे विटाळ होतो?

त्या दिवसापासून काकूंचं माझ्यावाचून पान हलेना. अगं विचार ना, ह्यात अंडं आहे का. अगं विचार ना, हे कुठल्या तेलात तळलंय. हॉटेलात, बाजारात, बसमध्ये, माझ्या नावानं हाका. माझ्या आईच्या हातचं चालत नव्हतं, पण मी चालतंय म्हटलं की ते काकूंना चालायचं. ही गंमत मला एकटीलाच दिसत होती आणि ती मी चघळत होते.

पिसाक नावाच्या गावात आठवड्याचा बाजार होता. लांब वेण्या आणि उंच टोप्या घातलेल्या बायका जमिनीवर बटाटे मांडून बसल्या होत्या. जांभळे, काळे, लाल, पिवळे, हळकुंडासारखे वाकडे. आमचा गाइड सांगत होता की बटाटा मूळचा ह्याच डोंगरांतला, इथूनच स्पॅनिश लोकांनी तो जहाजातून नेला आणि मग तो जगभर गेला. मिरची इकडची, शेंगदाणा इकडचा, ज्या कंदापासून साबुदाणा करतात तो कंदही ह्याच खंडातला. मी सगळं मराठीत करून सांगितलं, काकूंकडे बघून, सावकाश. म्हणजे काकूंचं उपवासाचं अर्धं ताट समुद्र ओलांडून, कुणाकुणाच्या हातांतून, कसल्या कसल्या जहाजांतून आलेलं. तेव्हा नाही कुणाला विचारलं, आडनाव काय म्हणालात. काकू म्हणाल्या, "इंटरेस्टिंग हं," आणि एक जांभळा बटाटा हातात घेऊन फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. काकूंनी ती निघण्याआधीच कॅलेंडरात बघून ठेवली होती. त्याच दिवशी दुपारचं जेवण उरुबांबा गावाबाहेरच्या एका मळ्यावर होतं. तिथली जुनी पद्धत अशी की जमिनीत खड्डा खणतात, त्यात दगड लालबुंद तापवतात आणि जेवण त्या दगडांवर रचून वरून ओली फडकी नि माती टाकून झाकतात. आम्ही पोचलो तेव्हा मातीच्या त्या ढिगातून वाफ येत होती. मळ्याची मालकीण फावडं घेऊन उभी होती. तिनं आधी थोडी मक्याची दारू मातीवर ओतली, काहीतरी पुटपुटली आणि माती बाजूला करायला सुरुवात केली.

"मटण पण आहे का ह्यात?" काकूंनी विचारलं. मी म्हटलं, आहे. काकूंनी ओढणी नाकाला लावली. "मला नाही बघवत ते. मी तिकडे बसते. बटाटे निघाले की हाक मार." आणि पार लांबच्या टेबलावर जाऊन, खड्ड्याकडे पाठ करून बसल्या.

तिथेच त्या फसल्या. सोवळं एवढं कडक की डोळ्यांनाही विटाळ नको, म्हणून बघितलंच नाही. मी बघत होते. वर शेंगा आणि मका निघाला. त्याच्या खाली मटण, कोंबडी, हाडांसकट मोठे मोठे तुकडे. आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, दगडांना चिकटून, बटाटे. वरच्या मटणाची चरबी गळून गळून त्यांच्या सालींवर तकाकी आली होती. मी मालकिणीला विचारलं, बटाटे तळाशी का? ती म्हणाली, मग चव कुठून येणार?

काका माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी बटाट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "सांगायला हवं का गं तिला?" मी म्हटलं, "तुम्ही सांगा काका. तुमची बायको." काकांनी घसा खाकरला आणि डोंगराचे फोटो काढायला निघून गेले. खिचडी टाकली त्या दिवशीही ते घरातच होते, म्हणजे किचनपासून चार पावलांवर. तेव्हाही त्यांना असंच काहीतरी महत्त्वाचं काम आठवलं असणार.

मी बटाट्यांची प्लेट घेऊन काकूंकडे गेले. आणि हे मी शपथेवर सांगते, मी त्यांना एक संधी दिली. म्हटलं, "काकू, कसे शिजवलेत ते नीट विचारून घेऊ का आधी?"

काकू हसल्या. सकाळपासून उपाशी, डोळे प्लेटवर. "अगं, बटाट्याला काय विचारायचं? बटाटा उपवासाला चालतोच. आता उपवासाचं तू मला सांगणार का? तुमच्यात कुठे असतात उपवास."

झालं. मी प्लेट त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी एक खाल्ला. मग दुसरा. मक्याला हात लावला नाही, ते धान्य. बटाटे मात्र सालीसकट, बोटं चाटत. "काय चव आहे गं," त्या म्हणाल्या. "आपल्याकडच्या बटाट्याला ही चवच नाही. मातीचा गुण असतो." मी म्हटलं, असेल. अजून आणून दिले. मला वाईट वाटलं का, असं नवऱ्यानं नंतर विचारलं. अजिबात नाही. मला आईच्या हातातला तो एवढासा खलबत्ता दिसत होता आणि मी समोर बसून काकूंचा एकेक घास मोजत होते.

रात्री हॉटेलच्या अंगणात काकू चंद्राची वाट बघत बसल्या. फोनवर चंद्रोदयाची वेळ कधीच होऊन गेली होती, पण समोर एवढा मोठा डोंगर, त्याच्या मागून चंद्र वर येईल तेव्हा ना. बिचाऱ्या भुकेनं कासावीस. शेवटी एकदाचा तो डोंगराच्या खांद्यावर दिसला आणि काकूंनी हात जोडून डोळे मिटले. म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊनही मोडला नाही बघ उपवास." मी म्हटलं, "नाही ना." माझं हसू मला आवरेना, म्हणून खोलीत गेले.

सांगितलं ते दुसऱ्या दिवशी, मारासला. तिथे डोंगराच्या उतारावर मिठाची शेकडो छोटी तळी आहेत, पांढरी, गुलाबी, तपकिरी. झऱ्याचं खारं पाणी त्यांत सोडतात, ते उन्हानं आटतं आणि मीठ उरतं. काकू दुकानात गुलाबी मिठाची पिशवी हातात घेऊन उभ्या होत्या. "हे सैंधवासारखंच ना गं? विचार ना, उपवासाला चालेल असं असेल तर मी चार पिशव्या घेते."

सैंधव म्हटल्याबरोबर माझं डोकं फिरलं. आईनं मला इंडियन स्टोअरला पिटाळलं होतं ते ह्याच मिठासाठी. मी म्हटलं, "घ्या काकू. मीठ चालेल. कालचे बटाटे मात्र चालायचे नव्हते."

"म्हणजे?"

"मटणाखाली शिजले होते ते. ती चव मातीची नव्हती, चरबीची होती. तुम्ही पाठ फिरवून बसलात ना, म्हणून दिसलं नाही."

त्यांचा चेहरा मी अजून डोळ्यांपुढे आणते कधी कधी, बरं वाटावं म्हणून. आधी त्यांना खरं वाटेना. मग पटलं. आयुष्यात अंडं न खाल्लेली बाई, संकष्टीच्या दिवशी. पिशवी धरलेला हात खाली गेला. त्यांनी दाराबाहेर बघितलं, ग्रुपमधलं कुणी ऐकत नाही ना ते. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. पहिला प्रश्न काय, तर, "कुणाला सांगितलंस?"

म्हणजे देवाचं भय नव्हतंच. माणसांचं होतं.

"अजून नाही," मी म्हटलं.

"नको सांगूस हं. प्लीज. लोक काय म्हणतील."

मी मिठाची एक पिशवी उचलली, वजन बघितल्यासारखी हातात खालीवर केली आणि म्हटलं, "बघू."

मग काय विचारता. उरलेल्या ट्रिपभर माझी नुसती सरबराई. ओयांतायतांबो नावाचं गाव आहे, दगडी गल्ल्या आणि गल्लीगल्लीतून खळाळत जाणारे पाण्याचे पाट, तिथे काकू माझा हात धरून चालत होत्या, पाय घसरेल म्हणून माझा की त्यांचा कोण जाणे. बसमध्ये खिडकीची जागा मला. जेवायला बसलो आणि मी कुणाशी बोलायला तोंड उघडलं की त्यांचा घास हातात थांबायचा. मी कधी कधी मुद्दाम म्हणायचे, "अरे, त्या दिवशी मळ्यावर काय मज्जा झाली माहितीये का," आणि मग भलतंच काहीतरी सांगायचे. काकूंची अशी जिरत होती आणि मला डोंगर, नदी, सगळं फार आवडायला लागलं होतं.

परतीच्या वेळी एअरपोर्टवर त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. "तू काही बोलणार नाहीस ना गं?"

मी म्हटलं, "काकू, पुढच्या पॉटलकला मी खिचडी आणणार आहे. आईसारखी. आईच्याच भांड्यात."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. बाई हुशार आहे, पुढचं बोलावं लागलं नाही. "आण ना," त्या म्हणाल्या.

ते पॉटलक गेल्या महिन्यात झालं. एकादशी होती, सुट्टीचा दिवस, घर माणसांनी भरलेलं. दाणे मी खलबत्त्यातच कुटले, हाताला फोड आला. मीठ मारासचं घातलं. इकडची सकाळ म्हणजे तिकडे आईची जेवणं उरकलेली असतात. मी तिला व्हिडिओ लावला आणि फोन टेबलावर पाण्याच्या जगला टेकवून ठेवला, भांडं आणि खुर्च्या नीट दिसतील असा. तिला एवढंच म्हटलं, "आई, बस थोडा वेळ, बोलू नको." ती चष्मा लावून बसली.

काकू सरळ आमच्या भांड्यापाशी आल्या. दुसऱ्या कुठल्याही भांड्याचं झाकण त्यांनी उघडलं नाही. प्लेट पुढे केली, मी वाढलं. खुर्ची ओढून तिथेच बसल्या आणि खायला लागल्या. बाजूच्या बायका बघत होत्या, दोघीतिघींनी एकमेकींकडे पाहिलंही. खिचडी खाऊ की नको, हे त्यांना आजवर काकूंकडे बघूनच ठरवायची सवय, त्यामुळे त्याही आमच्या भांड्याकडे सरकल्या. काका चहाचा कप घेऊन भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"छान झालीय," काकू म्हणाल्या, मला नाही, फोनकडे बघून. "साबुदाणा अगदी मोकळा."

आईनं तोंड स्क्रीनच्या अगदी जवळ आणलं, एवढं की नुसता चष्मा आणि कपाळच दिसायला लागलं. आता ती म्हणेल, जाऊ दे, झालं गेलं. ती नेहमी तेच म्हणते. आता ती काकूंना म्हणेल, राग कसला. मला ते ऐकायचं नव्हतं, म्हणून मी फोनकडे हात नेला.

"थांब," आई म्हणाली. "संपली काय वं प्लेट तिची?"

मी बघितलं. काकूंनीही आपल्या प्लेटकडे बघितलं. दाण्याचे चार कण उरले होते.

"हो, संपली."

"मग उभी काय राह्यली," आई म्हणाली. "अजून वाढ तिले."